कवठ

आधीचा होता तो नागपूरहून आला होता,
भाऊजींच्या गाडीत, एसी लावून.
चेहरा असा, की दारात चेपला गेला असावा.
नाव बादशाह.
चालायचा सोफ्यापासून कूलरपर्यंत,
आणि श्वास घ्यायचा तो अख्ख्या आळीला ऐकू यायचा,
बोअरचं पाणी तुटल्यावर मोटर करते तसा,
खरखर, मग थांबून, मग पुन्हा.
माय म्हणे, "बापा, हे जनावर हाय का पिठाची चक्की?"

नवतपाच्या चौथ्या दिवशी लाइन गेली.
ओलं पोतं, बर्फ, कांद्याचा रस.
हिंगणघाटचे डॉक्टर फाट्यापर्यंत पोचले तोवर
बादशाह कूलरकडे तोंड करून पडला होता.
बंद कूलरकडे.

प्रणोती तेव्हा नऊ वर्षांची. तिने एवढंच विचारलं,
"त्याले नाक काहून नाई देल्लं कोनं?"

कवठ आला त्यानंतर दोन वर्षांनी.
जात बुलडॉगचीच,
पण कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या वेचत वेचत
नाकाला दोन बोटं जागा करून दिलेली.
पाय उंच, कंबर आवळलेली,
डोकं मात्र तेच, फोडायला दगड लागावा असं.
धुरा एका उडीत ओलांडतो.
रोह्यांचा कळप पऱ्हाटीतून थेट नाल्यापर्यंत पोचवून येतो
आणि प्रणोतीच्या सायकलपाशी बसतो,
जीभ बाहेर, जणू इथून हललाच नव्हता.
वासरू त्याचा कान चाटतं. तो चाटू देतो.

बाबा जिनिंगमधून सुटले त्याला सात वर्षं झाली,
छातीत मात्र कापूस अजून उडतो.
सकाळी दोघं पांदणीने निघतात.
बाबा बाभळीशी टेकतात, दम घेतात.
पुढे गेलेला कवठ माघारी येतो,
चपलेवर हनुवटी ठेवतो.
त्याला थांबायची गरज नसते.
तरी.

आणि रात्रीची ही गंमत:
आमच्या घराला आवाजाची सवय.
एकीकडून बाबा, दुसरीकडून बादशाह,
माय त्या दोन घरघरींच्या मध्ये झोपायची,
निजेतही मोजत.
आता एक बाजू गप.
ती दचकून उठते, अंधारात चाचपडत जाते,
त्याच्या नाकापुढे हात धरते,
त्या दोन बोटांच्या जागेपुढे.
कवठ एक डोळा उघडतो.
"काई नाई, झोप," म्हणते,
आणि मूठ तशीच मिटून
बाबांच्या खाटेकडे येते.