फाइन

वाचनालयाच्या काउंटरवर माझ्याकडे दोन वह्या,
एक मेंबरांची, एक फाइनची.
दर दिवसाला पन्नास पैसे.
आठ आणे आता गावात कोणी घेत नाही,
म्हणून सभासद दोन-दोन दिवस उशीर करतात,
रुपया पुरा व्हावा म्हणून.

खाली गांधीबागेतली ठोक कापडाची दुकानं.
मे महिन्यात कूलरचा वाळा
पुस्तकांना ओल देतो, मला सर्दी.
पुण्याहून लेकीचा फोन येतो.
कशी आहेस? फाइन.
तू? फाइन.
एवढ्यात बोलणं सरतं.

माझा बाप दशरथ पराते.
पाचपावलीचा कोष्टी, घरचा माग मोडून मिलच्या साच्यावर गेला.
ठाण संपायचं तिथे, शेवटच्या हातभर पट्टीवर,
निळ्या शाईचा शिक्का बसायचा: सुपरफाइन.
आणि तपासणीच्या टेबलावर एक तुटका धागा दिसला
की पगारातून फाइन.
"कापड बी फाइन, पगार बी फाइन,"
घरी येऊन बाबा म्हणायचे.
आई हसायची नाही. रवा चाळत राहायची.
किराणेवाला त्या रव्यालाही फाइनच म्हणून राहायचा,
किलोमागे चार आणे जास्त लावून.
आई म्हणायची दंड.
तिच्या तोंडी दंड दोन होते:
एक बाबांना बसायचा,
एक ती स्वतः घालायची, फाटक्या लुगड्याचे
दोन धड तुकडे शोधून, उभी शिवण मारून.

मंगळवारी एक पोरगा आला,
पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी बॅग.
बॅगेतून काढला इंग्रजी शब्दकोश, पुठ्ठा सुटलेला.
"बाबांच्या नावावर हाय. हिरामण निनावे.
फाइन किती झाला, सांगा न."

हिरामणजी. कोर्टाच्या, बँकेच्या नोटिसा
गल्लीतल्यांना वाचून दाखवायचे,
म्हणून अध्यक्षांनी खास परवानगीनं कोश घरी दिला होता.
"कसे आहेत?"
"गेले न मॅडम. मारबतीच्या दिवशी.
मिरवणुकीत अॅम्ब्युलन्स अडकली होती."

काय बोलावं कळेना, म्हणून कोश उघडला.
तो आपोआप उघडला तिथे पेन्सिलची खूण.
पोरगा म्हणाला, गाडीवरून फायनान्सवाल्यांचं पत्र आलं होतं,
तवा बाबा हेच पान घेऊन बसले होते.

लॅटिनमध्ये फिनिस. म्हणजे शेवट. हद्द.
पैसे मोजून तंटा संपवला, तो फाइन.
काम शेवटापर्यंत नेलं,
आता त्याला हात लावायला जागा उरली नाही, तेही फाइन.
फिनिश तिथलाच. फायनल तिथलाच.
फायनान्सही तिथलाच. त्याच्या पुढे हिरामणजींनी
एक बारीक उद्गारचिन्ह काढलं होतं.

मी आपली इतकी वर्षं समजत होते
बाबांच्या मिलमध्ये एकाच शब्दानं
एका हातानं शाबासकी दिली, दुसऱ्यानं खिसा कापला.
शिक्का मात्र बरोबर जागी बसत होता,
ठाणाच्या शेवटाला.
मिल बंद झाली त्या दिवशी तेवढा कोणी मारला नाही.

दोन हजार तीनशे सोळा दिवस.
अकराशे अठ्ठावन्न रुपये.
पोरग्यानं पाकीट काढलं, मग मोबाइल काढला.
मी नियमांचा कागद शोधला:
फाइन पुस्तकाच्या किमतीहून जास्त घेता येत नाही.
किंमत आतल्या पानावर, सव्वीस रुपये.

त्यानं तीन दहाच्या नोटा दिल्या.
चार रुपये सुटे द्यायला
मी ड्रॉवर पुरा उपसला. पावती फाडली.
मेंबरांच्या वहीत हिरामणजींच्या नावावर
रेघ मारायची होती. पट्टी सापडेना,
हातानंच मारली, वाकडी आली.

"झालं?" जिन्याकडे वळत त्यानं विचारलं.

कूलर घरघरत होता.
खाली कोणी ठाण मोजत होतं, वार, दोन वार, तीन.

"झालं," म्हटलं.