सामाईक

सासरे गेले आणि दोघा भावांनी सगळं वाटून घेतलं.
शेत मधोमध. द्राक्षाचे वेल मोजून.
अक्रोड त्यांचा, त्याची सावली आमच्या अंगणात.
राहिली धुराची खोली,
विटांची, दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी,
नेमकी बांधावर.
ती कापायची कशी?
कागदावर लिहिलं : सामाईक.

तेव्हापासून डावे दांडे आमचे, उजवे त्यांचे.
आमच्या सॉसेजला पांढरा दोरा,
त्यांच्याला लाल.
अकरा वर्षं आंतुन आणि तादिया
एकमेकांना खोकूनसुद्धा दाखवत नाहीत.
(मी आणि जाऊ यान्या बोलतो.
बाजारात, कोबीच्या ढिगाआडून.)

नोव्हेंबरात जमीन कडक झाली की डुक्कर कापायचं.
मांस जाडसर दळायचं, बारीक केलंत तर लापशी होते.
लसूण ठेचून कोमट पाण्यात रात्रभर,
सकाळी चोथा फेकायचा, पाणी ठेवायचं.
मीठ. गोडी मिरची तीन ओंजळी, तिखट एक.
आंतुन म्हणतो दीड. दरवर्षी म्हणतो,
दरवर्षी मी एकच घालते
आणि तो दरवर्षी म्हणतो, बघ, दीडच बरी.

मग कोपरापर्यंत हात घालून मळायचं.
मांस इतकं गार की बोटं आपली राहत नाहीत,
आणि नंतर आठवडाभर
नखांच्या कडा लाल, डोळा चोळायची चोरी.
लिंबाएवढा गोळा तव्यावर टाकून चाखायचा.
त्या एका घासापुरतं घर गप्प होतं.

आतडी व्हिनेगरने धुतलेली, ओली, निसरडी.
मुलगा यंत्राचा दांडा फिरवतो,
मी तोंडाशी धरते,
फुगा दिसला की सुई.
दांड्यावर टांगल्यावर ती रात्रभर ठिबकतात,
हळू, एकेक थेंब, जसं कुणी उष्टी भांडी निथळत ठेवलीत.

धूर द्यायचा तो गार. जाळ नको, धूर हवा.
हॉर्नबीमचं लाकूड, वर ओला भुसा.
ड्रावेवरून धुकं आलं तर तो दिवस सोडायचा,
दमट धुरात माल आंबतो.
एक दिवस तो बघतो, एक दिवस हा,
तारखा भिंतीवर खडूने, दोन हस्ताक्षरांत.

त्या वर्षी आंतुनची पाळी होती.
दाढ दुखत होती, प्लमची दारू गालात धरून धरून
शेवटी ती पोटात गेली आणि तो झोपला.
मला जाग आली ती उजेडाने.
धुराच्या खोलीच्या फटीतून नारिंगी.
चपला शोधेपर्यंत
खिडकीतून दिसला तादिया,
गुडघ्यापर्यंत विजार, पाय अनवाणी, हिवात.
त्याने दार उघडलं, फावड्याने भुसा लोटला,
आणि जाळ विझायच्या आतच
दांडे वर सरकवू लागला.
आधी डावे.
मग उजवे.
थोडा वेळ उंबऱ्यावर खोकत बसला.
मी दिवा लावला नाही.

सकाळी आंतुनने राख बघितली.
म्हणाला, रात्री छान धुमसलं.
मी म्हटलं, हो.

ईस्टरला तो पहिलं सॉसेज उतरवून आणतो,
सुरी पुसतो, कापायला घेतो,
तर दोरा लाल.
ते आमच्या दांड्यावर कसं आलं
हे मला विचारू नका. यान्यालाही विचारू नका.

तो दोऱ्याकडे बघत राहिला.
मुलं थांबली. हिरवा कांदा थांबला. पाव थांबला.
मग त्याने पातळ काप केला,
उजेडात धरला, तोंडात टाकला.
"मीठ जास्त," म्हणाला.
दुसरा काप. तिसरा.
"तिखट दीड ओंजळ," म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

जेवण झाल्यावर उठला,
आमच्यातलं एक निवडलं, बऱ्यापैकी जाड,
पांढरा दोरा नीट गाठ मारून
उजव्या दांड्याला अडकवून आला.
हात धुताना म्हणाला,
"मोजणी चुकायला नको."