हद्द कायम

सोहारला सव्वीस वर्षं मी जमीन मोजली.
बंदराचे रस्ते, स्मेल्टरचं कुंपण, खजुरांच्या बागांचे तंटे.
तिपाईवर यंत्र, यंत्राला डोळा,
आणि डोळ्याच्याही आधी उन्हात जाणारं
नाक.
टोपीची सावली तिथवर पोचायची नाही.

डाव्या नाकपुडीवर दाणा आला, मोत्यासारखा चकचकीत.
रफीकुल म्हणाला, दादा, नथ घातली की काय?
हसलो.
खपली धरायची, पडायची, उशीला रक्ताचा ठिपका,
पुन्हा चकचकीत.
असं दीड वर्ष.

डॉक्टर रय्या अल-मकबाली, माझ्या मुलीहून पाचेक वर्षांनी मोठ्या,
जांभळ्या पेनाने रेघ ओढताना म्हणाल्या,
दिसतं तेवढंच नसतं.
खाली किती पसरलंय ते कापल्यावर कळेल.
मी म्हटलं, जमिनीचंही तसंच असतं, बाई.
नकाशातली हद्द वेगळी, वहिवाट वेगळी.

एक थर काढला, काचेखाली पाहिला.
पूर्वेचा काठ स्वच्छ, पश्चिमेचा नाही.
पुन्हा थर.
मी बाहेर बाकावर, पट्टी लावून,
कप नाकाला लागणार नाही अशा बेताने चहा पीत.
तिसऱ्या खेपेला हद्द सापडली.
तोवर नाकाचा डावा भाग
सातबाऱ्यावरून उतरला होता.

मग कपाळ.
टाक्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी
खड्ड्यावर दाबून त्यांनी कातरली,
उलटी करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ मारली.
ही रीत तुमच्याकडचीच, म्हणाल्या. पुण्याकडची.
दोनशे वर्षांपूर्वी एका विटा भाजणाऱ्याने
मेणाचा साचा करून
नाक कापलेल्या गाडीवानाला नाक दिलं म्हणे.
आम्हाला शिकवतात.
मी पुण्यात तीन वर्षं डिप्लोमा केला.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचवीच्या रात्री सटवाई येते
आणि कपाळावर लिहून जाते, असं आई म्हणायची.
त्या लिखाणातली एक ओळ उचलून,
भुवईकडून जिवंत ठेवून, पिळा देऊन,
नाकावर बसवली.
काय लिहिलं होतं तिथे, कोण जाणे.
आता दोन बोटं खाली घडेल.

तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत सोंड.
कातडी नव्या जागी, रक्त अजून जुन्या गावाहून.
आमचं उलटं असतं,
आम्ही इथून पाठवतो.

माशी नाकावर बसली
आणि माझा हात गेला कपाळावर.
बसली इथे, कळली तिथे.
रफीकुल भाताचं ताट खाली ठेवून
पोट धरून हसला,
मग उगाच पाणी आणायला उठला.

घरी फोन. कॅमेरा बंद.
नेट नाही म्हणायचो.
वैजूने विचारलं, आवाज नाकात का येतोय?
सर्दी.
पोरगा नाकासमोर चालणारा आहे,
एवढंच तर मामांनी लग्न ठरवताना
माझ्याबद्दल सांगितलं होतं.

एकविसाव्या दिवशी सोंड कापली. नाकाने मूळ धरलं होतं.
कपाळावर उभी रेघ राहिली, पुसट गंधासारखी.
आणि नाकाच्या शेंड्याजवळ
चार केस उगवले.
डोक्यावर टिकले नाहीत ते तिथे टिकलेत.
मासळीबाजारामागचा करामत न्हावी, मुलतानचा,
दाढी झाली की काही न विचारता
श्वास धरून
वस्तरा वर चढवतो.
त्याचे पैसे वेगळे घेत नाही.

मागच्या शुक्रवारी कॅमेरा सुरू केला.
वैजू बराच वेळ बोललीच नाही.
मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या,
तिने गॅस बंद केला नाही.
मग म्हणाली,
जरा उजेडात या बघू.

खिडकीशी गेलो.
पडदा सारला,
चार बोटं.