चाळीस पावलं पुढं

नकाशात पट्टे बँकेसमोर आहेत.
तिथं कुणी रस्ता ओलांडत नाही.
पट्ट्यांवर मोटारसायकली उभ्या असतात, तिरप्या,
सीटं तापलेल्या.

बाया ओलांडतात चाळीस पावलं पुढं,
विडी कारखान्याच्या फाटकाशी,
कमरेवर पाटी, पाटीवर फडकं.
हैदराबाद रोड तिथंच उताराला लागतो
आणि टँकरवाले डिझेल वाचवायला
गाडी न्यूट्रलला टाकतात.

मी अठरा वर्षं चादरीच्या मागावर होतो.
पट्टा कुठं धरायचा, कुठं सोडायचा
हे हाताला कळतं.
माग गेला भंगारात, किलोवर.
आता रात्री अकरानंतर ठेकेदाराकडं :
पांढरा रंग, दोरी, पत्र्याचा साचा,
आणि साहेबांचा नकाशा, घडीवर फाटलेला.

मार्चात राजमणी गुंडेटीची पाटी सांडली.
पंचविसाचे चाळीस कट्टे होते.
अडतीस पोरींनी गोळा करून दिले.
दोन चाकाखाली गेले,
आणि तिचा डावा पाय.
कारखान्यानं दोन कट्ट्यांचे पैसे कापले.
पंचनाम्यात लिहिलं :
सदर महिला पट्ट्याबाहेर होती.

मग एका रात्री रंग उरला.
उरला म्हणजे, मी उरवला.
फाटकासमोर दोरी धरायला कुणी नव्हतं,
एक टोक विटेखाली दाबलं.
सात पट्टे.
तिसऱ्याला लांबून हेडलाइट दिसले, हात हलला.
तिसरा वाकडा आहे.

सकाळी टँकर थांबला.
ड्रायव्हरनं खिडकीतून आई-बहीण काढली,
पण ब्रेकवर पाय ठेवून.
बाया मान वर न करता गेल्या.
त्यांना वाटलं असेल, महापालिकेला अक्कल आली.

आठव्या दिवशी साहेबांनी
काळ्या रंगाचा डबा माझ्याच हातात दिला.
विनापरवाना आहेत, म्हणाले. पुस.
पुसले.
काळ्यात रॉकेल जरा जास्त पडलं,
तेवढं चालतं.

आता मे. चव्वेचाळीस.
डांबर मऊ होतं, काळा रंग
टायरला चिकटून कुठं कुठं जातो,
खालचं पांढरं वर येतं,
आधी कडा, मग पोटं.

राजमणी कुबडी घेऊन येते.
मधेच थांबते, मागं रिक्षा कोकलतेय,
कुबडीचं रबर तिसऱ्यावर टेकवून विचारते,
ह्यो वाकडा कुणी मारला रे?

मी चहाच्या गाड्यावर
बशीत बघत राहतो.