साक्षीदार क्रमांक सहा

डंडीच्या कोर्टात इशबेल रॅट्रे
हातमोजे काढत नाही.
वकील विचारतो, वरच्या मजल्यावरून
काय ऐकू यायचं?

"सामान सरकवल्यासारखं."

रोज?

"बुधवारी नाही. बुधवारी बाप रात्रपाळीला."
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"जिन्यात भेटला की पोरगा
माझ्या मांजरीला मॅडम म्हणायचा."

आरोपीच्या पिंजऱ्यात कॅलम
नखं बघत बसलाय.
कुणीतरी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवतं.
लाकडावर काच घासते
तेवढ्यानेही ती दचकते.

आणि अकरा तारखेला, बाई?

"काहीच नाही.
मी देवाचे आभार मानले, साहेब.
कित्येक महिन्यांनी
गाढ झोप लागली मला,
रेडिओ न लावता."