छाट

पोराला पुण्यात कंपनीनं दिवाळीला एअर फ्रायर दिला.
त्याच्या खोलीत एकच प्लग, त्यावर तिघांचे चार्जर.
म्हणाला, अम्मा, तू वापर.
मी ठेवला पलंगाखाली, गड्ड्याच्या जत्रेपर्यंत,
वर सेकंडचा टॉवेल टाकून,
उशिरा येऊन झोपलेल्या पाहुण्यासारखा.

पाहुण्याला उठवलं शेजारच्या स्रवंतीनं.
बारावीची पोर, इंग्रजी बटणं वाचते.
"अक्का, याला तेल लागत नाही. नुसता वारा."
नुसत्या वाऱ्यानं काय भाजतंय गं?
"मे महिन्यात पत्र्याखाली बसून विड्या कोण वळतंय? तुम्हीच ना?"
मग मला पटलं.

लक्ष्मी मार्केटात संध्याकाळी पेरू स्वस्त होतात,
दिवसभर लोकांनी दाबून दाबून मऊ केलेले.
दोन किलो घेतले.
बिया चाळणीत राहिल्या, गर खाली उतरला,
त्यात गूळ, चिमूटभर मीठ, ठेचलेली बडीशेप.
सकाळच्या चपात्या होत्याच.
स्रवंती म्हणाली, त्रिकोणी करा, समोशासारखं.
मी चपातीवर कात्री चालवली
आणि हातानं माझं ऐकलंच नाही.

सव्वीस वर्षं तो एकच गोष्ट करतोय:
पान, पोटात चिमूट, अंगठ्याचा दाब,
एक वळसा, नखानं तोंड बंद.
बघता बघता सुपात बोटभर लांबीच्या
पंचवीस सुरळ्या, एका मापाच्या.
पंचवीस. बरोबर एक कट्टा.
दोरा तेवढा गुंडाळायचा राहिला.
स्रवंती भिंतीला टेकून हसली,
"अक्का, गोड विड्या!"

मला भीती होती ती वेगळीच.
चिंचेनं घासा, लिंबानं घासा,
नखांच्या मुळाशी तंबाखू राहतेच.
पोर लहान होतं तेव्हा
मी त्याला हातानं घास भरवला नाही, चमच्यानंच.
तो गल्लीभर सांगायचा,
माझी अम्मा चमच्यानं भरवते.

एकशे ऐंशी. नऊ मिनिटं.
आत काहीतरी घुमायला लागलं,
लांबच्या गल्लीतला एकुलता माग चालू असावा तसं.
पहिल्यांदा वास आला पेरूचा. मग गुळाचा.
मी पुढं वाकून तिसऱ्याची वाट बघत राहिले.
तो आला नाही.

टिंग झालं. खण ओढला.
सात फुटल्या होत्या, गर बाहेर येऊन काळा पडलेला.
न बोलता मी त्या बाजूला काढल्या.
"हे काय?"
छाट, म्हटलं.
स्रवंतीनं नेमकी छाटच उचलली,
फुंकर मारली, चावली, डोळे मिटले.
करपलेला गूळ तिच्या दातात वाजला.
"अक्का, या चांगल्या आहेत.
त्या नुसत्या सरळ आहेत."

सोमवारी पुन्हा एक कट्टा केला,
डबा घेऊन कारखान्यात गेले.
बिराजदार चेकरनं चार खाल्ल्या,
न मोजता, बोटं चाटत.
"काय घातलंय बाई यात?"
मग बोटं पुसून
माझ्या हजार विड्या पुढ्यात ओढल्या
आणि नेहमीसारख्या
साठ काढून टाकल्या.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
साहेब, यांच्यात वाईट काय आहे?
तो म्हणाला, पुढं चला.

मागं रांग होती. रांगेत नरसूबाई,
सूप काखेत, पदर कपाळापर्यंत.
मी झाकण उघडून डबा तिच्यापुढं धरला.
ती कडेची सरळ, गोरी सुरळी घ्यायला लागली.
ती नको, म्हटलं.
फुटलेली घे.