इथे श्वास

टॉडमॉर्डनच्या चॅपेलात नोव्हेंबरभर ओल असते.
लाकूड फुगतं, तारा उतरतात,
म्हणून मैफलीच्या दिवशी सकाळी मला बोलावतात.
मी मिरजेचा. तंबोऱ्याच्या भोपळ्यांत वाढलो.
वडील घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत
आणि जवारी खुलली की नुसती मान हलवत.
तिथे पंचम म्हणजे पंचम.
इथे पियानोत प्रत्येक पंचम
जरासा खोटा ठेवावा लागतो,
तेव्हा कुठे बाराही सूर एका घरात नांदतात.
हे शालनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
"म्हणजे लग्न कळलं म्हणायचं तुम्हाला."

ती ऑल्टोत होती, दुसऱ्या रांगेत, सतरा वर्षं.
त्यांच्या देवाचं गाताना तिला अडचण आली नाही कधी.
"लॅटिन कळत नाही, संस्कृत तरी कुठे कळत होतं," म्हणायची,
"हात काय, दोन्हीकडे जोडले जातात."
मी मागच्या बाकावर. हात कोटाच्या खिशात.

त्या वर्षी ती ग्रीकांची गोष्ट बसवत होते:
बायको साप चावून गेली,
गवई पाताळात उतरला, गाऊन मृत्यूला रडवलं,
अट एकच, उजेडात पोचेपर्यंत मागे बघायचं नाही.
आणि त्यानं बघितलं.
चहाच्या वेळी वाद, का बघितलं?
पोस्टातला अर्नेस्ट म्हणाला, विश्वास नव्हता.
मिसेस ग्रीनवुड म्हणाल्या, प्रेम होतं, दुसरं काय.
शालननं बिस्कीट चहात बुडवलं.
"आमच्याकडे बाई जाते, नवऱ्यासाठी," म्हणाली.
"गात नाही. चालते आणि बोलते.
आणि मागे वळून बघतो तो यम.
परत फिर म्हणायला वळतो,
आणि दरवेळी काहीतरी देऊन बसतो."
बिस्कीट तुटून कपात पडलं.
चमच्यानं काढेपर्यंत तालीम सुरू झाली.

मी तिच्यासाठी बोलत बोलत गेलो नाही.
हॅलिफॅक्सचा वॉर्ड, ओढलेला पडदा,
यंत्राचा एकच सूर, 'ए'च्या किंचित खाली,
आणि माझं सगळं लक्ष त्या किंचितकडे.
कुणी वळलं नाही.

आज पुन्हा तीच गोष्ट.
तीच पुस्तकं, कपाटातली, कडांना बुरशी.
मी किल्लीनं तार ताणत होतो, तर मिसेस ग्रीनवुड आल्या.
"मिस्टर होनमोरे, हे काय आहे?
हे पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हापासून बघते.
दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं.
ही जागा माझी नेहमी चुकायची.
आता कपडे दिसले की श्वास घेते."
पेन्सिलीनं, तिरकं, 'थ'चं पोट नेहमीसारखं फुगलेलं:
इथे श्वास.
मी अर्थ सांगितला.
"मग बरोबरच करत होते की," म्हणाल्या,
आणि खुर्च्या मांडायला गेल्या.

संध्याकाळी समोरच्या मंचावर छत गळत होतं,
म्हणून गायक मागच्या सज्ज्यात.
मी पहिल्या बाकावर, पियानोजवळ.
गवई अर्ध्या वाटेवर आला.
पियानो थांबला,
आणि माझ्या पाठीमागून, वरून,
सुराच्या आधीचा तो आवाज,
दुसऱ्या रांगेतून.
एकीनं घेतला, मग शेजारणींनी.

गोष्ट मला तोंडपाठ होती.
तरी बघितलं.

मिसेस ग्रीनवुड. तोंड उघडं,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
नाहीशा वगैरे झाल्या नाहीत.

मधल्या सप्तकातला एक 'डी' तेवढ्यात उतरू लागला होता,
सकाळीच मिळवलेला.
ओल आहे. धरत नाही.
शेवटपर्यंत मी तसाच वळून बसलो,
मान दुखायला लागली तरी.